ऑनलाइन पोकर खेळणारे आणि टेबलावर बसून खेळणारे, यांच्यात जास्त कौशल्य कोणाचं असतं?

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो: तेवढ्याच पैशांच्या टेबलावर ऑनलाइनवाला सरस असतो. मी जळगावचा. चार-पाच वर्षं ऑनलाइन खेळलो, गोव्याच्या कॅसिनोत तीनदा बसलो, आणि पत्ते हातात धरायला शिकलो ते मात्र गावाकडे आखाजीला. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येऊन झोके घेतात, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि बाप्ये लिंबाखाली तीन पत्ती मांडून बसतात. (पोलिसांची गाडी आली की पत्ते सतरंजीखाली, हा त्याच खेळाचा भाग.)

ऑनलाइनवाला पुढे का, तर निव्वळ हातांच्या, म्हणजे खेळलेल्या डावांच्या, संख्येमुळे. समोर डीलर पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) मोजतो, कोणी चहा मागवतो. तासाला पंचवीस-तीस हात होतात. ऑनलाइन एका टेबलावर सत्तर-ऐंशी होतात आणि लोक चार-चार टेबलं उघडून बसतात, म्हणजे तासाला तीनेकशे. आता हिशोब करा. एखादा माणूस आठवड्यातून दोनदा सहा-सहा तास कॅसिनोत बसला तर, तासाला तीस धरले तरी, वर्षाला साधारण 18-19 हजार हात. रोज चार तास ऑनलाइन खेळणारा पोरगा तेवढे पंधरा-सोळा दिवसांत उरकतो. आणि त्याचा प्रत्येक हात नोंदलेला असतो. रात्री बसून तो बघतो की आपण कुठे घाण केली. टेबलावरच्या माणसाला मात्र आठवतात ते फक्त नशिबाने मारलेले हात, स्वतःच्या चुका नाही.

दुसरं कारण पायरीचं. लास वेगासला सगळ्यात खालचं टेबल साधारण 1-2 डॉलरच्या ब्लाइंडचं (दोघांनी पत्ते बघण्याआधीच लावायची सक्तीची रक्कम) असतं, त्यामुळे सुट्टीवर आलेले, नवशिके, पिऊन बसलेले, सगळे तिथेच. ऑनलाइन खेळ 1-2 सेंटपासून सुरू होतो. तिथे 1-2 डॉलरला जो पोचलाय तो खालच्या कितीतरी पायऱ्यांवरून गाळून आलेला असतो. आकडा तोच दिसतो, पण माणसं वेगळी.

चेहरे वाचता येणं हेच खरं पोकर, असं म्हणणाऱ्यांना मी 2019 सालचा प्लुरिबस सांगतो. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकने बनवलेला हा प्रोग्रॅम. सहा जणांच्या टेबलावर त्याने मातब्बर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, आणि त्याला डोळे नव्हतेच. आणि 2003 चा ख्रिस मनीमेकर, हा अमेरिकेतला हौशी खेळाडू, तर पोकरवाल्या सगळ्यांना माहीत आहे: 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून जागा मिळवली आणि वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला.

हे सगळं डोक्यात घेऊनच मी गोव्याला गेलो होतो. हातात राण्यांची जोडी आली. पुढच्याने 400 लावले होते. मी रुबाबात 1000 ची एक चिप पुढे सरकवली, तोंडातून शब्द नाही. डीलर म्हणाला, "कॉल." म्हणजे पुढच्याइतकेच लावले. म्हटलं, अहो, मी वाढवलंय! नाही म्हणे. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो कॉलच धरतात, आधी तोंडाने 'रेज' म्हणायचं. ऑनलाइन बटण दाबून सवय झालेली, हा नियम कुठून माहीत असणार? मागून आणखी दोघं स्वस्तात आत आले, फ्लॉपवर (सगळ्यांसाठी मधे उघडतात ते पहिले तीन पत्ते) एक्का पडला, आणि माझ्या राण्या गेल्या. पुढच्या तासाभरात दोनदा पाळी नसताना पत्ते टाकले.

चहाच्या वेळी शेजारी बसलेले बेळगावकडचे एक काका हळूच म्हणाले, "पत्ते आवडले की तू आधी स्वतःच्या चिप्सकडे बघतोस." त्यांचा खेळ कागदावर तपासला असता तर चुकांनी भरलेला निघाला असता. पण त्यांनी मला तासाभरात ओळखलं होतं, आणि मी त्यांना तीन दिवसांत नाही. शिवाय ते दोन-दोन तास काही न खेळता शांत बसायचे. मला तिसऱ्यांदा पत्ते टाकले (फोल्ड) की लगेच खाज सुटायची.

तेव्हा ऑनलाइनवाल्याला टेबलावरच्या या गोष्टी शिकायला थोडे दिवस लागतात, टेबलावरच्याला ऑनलाइनचं गणित शिकायला वर्षं लागतात, असं माझं मत. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळायचं तर ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने बंदच झालंय, त्यामुळे कुठून सुरुवात करू असं विचारत असाल तर तो विषय सोडा.

आमचे नाना, लिंबाखालचे उस्ताद. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघता, खेळणाऱ्याने पत्ते उचलले की त्याच्या अंगठ्याकडे बघून पॅक करायचे की चाल द्यायची ते ठरवतात. मला लहानपणी म्हणायचे, "तुना पत्ता माले तुना तोंडवर दिसतस." एका आखाजीला मी त्यांना मोबाइलवर फुकटच्या चिप्सची तीन पत्ती लावून दिली. दहा मिनिटांत सगळ्या चिप्स गेल्या. नानांनी मोबाइल उलटा करून मागून बघितला, परत सरळ केला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "येमा तोंड कोठे शे?"