वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा उजेड का लुकलुकतो?

प्रश्न : आमच्या वडिलांची टुरिंग टॉकीज होती आणि जत्रांच्या हंगामात गावोगावी तंबू लागत असे. आता ३५ मिलिमीटरचे एकच मशीन उरले आहे. त्याच्या लॅम्पहाउसमध्ये, म्हणजे दिव्याच्या पेटीत, कार्बनच्या कांड्या काढून २००० वॉटचा झेनॉन दिवा बसवलेला असून वीज थ्री-फेज जनरेटरवरून घेतो. यंदा गावच्या जत्रेत खेळ चालू असताना उजेड ठरावीक तालात लुकलुकू लागला. नवा दिवा घातला तरी फरक पडला नाही. मेकॅनिक लॅम्पहाउसच बदलायला सांगतो. काय करावे?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : लॅम्पहाउस बदलण्याची घाई करू नका. आपण ‘ठरावीक तालात’ असे लिहिले आहे आणि माझ्या मते दोषाचा पत्ता त्या दोन शब्दांतच आहे. दिवा म्हातारा झाला, त्याच्या ऋण टोकाची अणी झिजली, किंवा पंख्याचा वारा थेट काचेवर येऊ लागला, तर ज्योत जागा सोडून हलते आणि उजेड फडफडतो. पण त्या फडफडीला ताल नसतो. ताल असेल, तर तो बहुधा विजेतून आलेला असतो.

हे असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो. सेकंदाला २४ चौकटी सरकतात आणि दोन पात्यांचे शटर प्रत्येक चौकटीला दोनदा उजेड अडवते, म्हणजे पडद्यावरचा प्रकाश सेकंदाला ४८ वेळा खंडित होतो. झेनॉन दिव्याला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते आणि जनरेटरच्या एसी विजेपासून ती रेक्टिफायर तयार करून पुरवतो. तिन्ही फेज आणि रेक्टिफायरमधले सहाही डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) शाबूत असतील, तर त्या विजेतले चढउतार सेकंदाला ३०० आणि आकाराने लहान असतात, त्यामुळे ते डोळ्याला जाणवत नाहीत. मात्र एक फेज गेली की हे चढउतार १०० वर येतात आणि पुष्कळ मोठे होतात. शटरच्या ४८ ची दुप्पट ९६. शंभर आणि शहाण्णव यांतला चारचा फरक पडद्यावर सेकंदाला साधारण चार वेळा लुकलुकताना दिसतो. फेज ठीक असून एकच डायोड निकामी होऊन त्यातून वीज जाईनाशी झाली असेल, तर ५० आणि ४८ यांचा मेळ बसून लुकलुक सेकंदाला दोनच्या आसपास, म्हणजे बरीच संथ दिसते. जनरेटरचा वेग आणि मोटरची ओढ यांमुळे आकडे थोडे पुढेमागे होतील. पण दोन आणि चार यांतला फरक सरावलेल्या डोळ्याला कळतो.

तेव्हा दिवा पेटल्यानंतर रेक्टिफायरकडे जाणाऱ्या तिन्ही तारांवरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) एकेक करून पाहा. एका तारेत काहीच नसेल, तर फ्यूज, स्विच आणि जनरेटरकडची जोडणी तपासा. मशीनची मोटर बहुतेक एकाच फेजवर असते. ती फेज चालू राहिली तर मशीन बिनतक्रार चालते आणि दुसरी गेल्याचे ऑपरेटरच्या लक्षातच येत नाही. तिन्ही प्रवाह जवळपास सारखे असतील, तर विजेतले चढउतार कमी करणारे रेक्टिफायरचे फिल्टर कपॅसिटर पाहावेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मशीनमध्ये ते हमखास सुकतात. प्रवाह सारखे नसून कोणतीही तार पूर्ण बंदही नसेल, तर एकेक डायोड तपासावा. मात्र त्यासाठी वीज पूर्ण तोडून कपॅसिटर रिकामे करून घ्यावेत. दिवा पेटवताना इग्नायटर हजारो व्होल्टचा झटका देतो, म्हणून त्या क्षणी दिव्याच्या तारांना कोणतेही मीटर जोडलेले नसावे.

आपण दिवा बदलल्याचे लिहिले आहे, म्हणून एक काळजी बोलून दाखवतो. झेनॉन दिव्यात थंड असतानाही वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो आणि तापल्यावर तो आणखी वाढतो. चेहऱ्यावर ढाल, हातांत जाड चामडी मोजे आणि अंगात जाड सुती सदरा नसताना त्याला हात लावू नये. काढलेला जुना दिवाही तितकाच धोक्याचा आहे. तो फळीवर उघडा पडला असेल, तर तेवढीच काळजी घेऊन आजच त्याच्या मूळ आवरणात घाला. नव्या दिव्याच्या काचेला बोटे लागली असतील, तर दिवा थंड असताना स्पिरिटने ती जागा पुसून घ्या. धन आणि ऋण टोके उलटी जोडली गेली, तर दिवा काही सेकंदांत वाया जातो.

प्रश्न : कार्बनच्या जुन्या लॅम्पहाउसमध्ये चित्र मधोमध उजळ आणि कडांना तांबूस दिसते. आरसा खराब झाला असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आरशाच्या आधी कार्बन पाहा. धन कार्बनच्या टोकाला जो खळगा तयार होतो, तोच खरा प्रकाशाचा उगम असून तो आरशाच्या नाभीवर राहावा लागतो. धन आणि ऋण कार्बन वेगवेगळ्या गतीने झिजतात. पुढे सारण्याची मोटर नीट लावलेली नसेल, तर खळगा जागेवरून सरकतो आणि आधी कडा बिघडतात. बाजूच्या खुणेच्या पट्टीवर ज्योतीचे प्रतिबिंब पडते, ते रीळभर रेषेवरच टिकते का, ते पाहावे. उघड्या ज्योतीकडे काळ्या काचेशिवाय बघू नये. एवढे करूनही कडा सुधारल्या नाहीत, तरच आरसा पूर्ण थंड झाल्यावर तपासा. कार्बनवरच्या तांब्याचे उडालेले थेंब त्यावर चिकटून खड्डे पडले असतील, तर ते पुसून जात नाहीत आणि आरसा बदलावा लागतो. धूर बाहेर नेणारा पाइप मोकळा असल्याखेरीज मात्र ही चाचणी बंद केबिनमध्ये करू नका, कारण त्या धुरात विषारी वायू असतात.