घरी शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलांना श्रद्धा आणि राजकारण यांबद्दल स्वतःचं मत असतं का?

तुमची बहीण पाचवीतल्या मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवणार आहे, घर ख्रिस्ती आहे, आणि ही पोर पुढे आईवडिलांचंच म्हणणं पाठ म्हणून दाखवेल अशी तुम्हाला धास्ती आहे. मी १७ वर्षांची आहे, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते आणि तिसरीनंतर शाळेत गेलेली नाही. म्हणून उत्तर देतेय.

तुमची धास्ती खोटी नाही. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत मी पप्पांचंच बोलायचे, आणि ते माझंच आहे असं मला मनापासून वाटायचं. त्यात बदल कसा झाला ते सांगते.

मी तिसरीत असताना तोतरं बोलायचे. धडा वाचायला उभं केलं की पहिल्याच अक्षराला जीभ अडायची. बाई घड्याळाकडे बघायच्या, मुलं नक्कल करायची. मम्मी दोनदा शाळेत जाऊन भेटली, काही फरक पडला नाही. त्याच सुमारास पप्पांनी आजीची भायखळ्याची जुनी मराठी मंडळी, म्हणजे चर्च, सोडून फेलोशिप म्हणतात तशा एका नव्या प्रार्थनागटात जायला सुरुवात केली होती. तिथल्या दोन घरांतली मुलं घरीच शिकत होती. पप्पांना वाटलं, लेकरांनी आधी देवाचं वचन शिकावं, बाकी सगळं मागून. मम्मीला वाटलं, माझी पोरगी आधी न घाबरता बोलू दे. ती बालवाडीत शिकवायची, ती नोकरी तिने सोडली. लोकांना वाटतं होमस्कूलिंगमागे आईबापांचा एकच ठाम विचार असतो. आमच्याकडे दोघांची कारणं वेगळी होती, आणि त्यावरून रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात झालेली भांडणं मी ऐकलेली आहेत.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाही, पण बहीण विचारेल. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण घातलं नाही तर पालकांना शिक्षा सांगत नाही. घरी शिकणारी मुलं बहुतेक करून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची (एनआयओएस) परीक्षा देतात, तिला शाळेत जावं लागत नाही. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यायचे, पास व्हायला ३३ टक्के. मी २०२४ साली दहावी झाले, आता बारावीचं चालू आहे. कुणी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरतं. वाट आहे, काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. माझी पुस्तकं अमेरिकेतून मागवलेली होती, ख्रिस्ती घरांसाठी तयार केलेली. पुस्तकं चांगली होती, माझं विज्ञान त्यांच्यामुळेच पक्कं झालं. पण गणितात डॉलर आणि मैल, इतिहासात १६२० साली जहाजातून अमेरिकेला गेलेले भाविक, आणि त्यांच्या आडून तिथलं राजकारणही. कुठला कायदा देवाच्या बाजूचा, कुठला विरोधातला, हे त्यात आयतं लिहिलेलं. बाराव्या वर्षी मला अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांची बंदुकीबद्दलची आणि करांबद्दलची मतं माहीत होती. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, ते माहीत नव्हतं. आपले लोक महाराष्ट्रात ख्रिस्ती कसे झाले, हेही माहीत नव्हतं. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, १८३१ साली त्यांच्या मिशनचं काम अहमदनगरला सुरू झालं, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे त्यांचं मराठी नियतकालिक निघालं, यातलं एक अक्षर त्या पुस्तकांत नव्हतं. असणार तरी कसं? ती दुसऱ्याच देशातल्या मुलांसाठी लिहिलेली होती. मला राग पुस्तकांचा येत नाही. आमच्या घरातल्या कुणालाच ही उणीव दिसली नाही, याचं मात्र वाईट वाटतं.

म्हणजे, आजीला दिसली होती.

आजी नगरकडची. ती मला रोज दुपारी पवित्र शास्त्रातला एक अध्याय मराठीत मोठ्याने वाचायला लावायची. मी अडखळले तर थांबायची आणि माझ्यासाठी शब्द पुरा करायची नाही, कितीही वेळ लागू दे. माझं तोतरेपण त्या वाचनाने गेलं असं मी आजही मानते. माझी मराठीही तिथलीच, म्हणून लहानपणी मी इमारतीखाली मुलांशी खेळताना ‘यास्तव’ आणि ‘तथापि’ म्हणायचे. रविवारी आजी पप्पांबरोबर फेलोशिपला जात नसे, ती भायखळ्यालाच जायची. तिला एकटीला सोडायचं नाही म्हणून माझी पाठवणी तिच्याबरोबर व्हायची. विक्रोळीहून धीम्या लोकलने जायचं, येताना मेगाब्लॉक लागला की कुर्ल्याला ताटकळायचं. आमच्या दोघींचं खरं बोलणं त्या फलाटावरच्या बाकड्यावर झालं.

मी तेरा वर्षांची असताना माझ्या आतेभावाला कॉलेजप्रवेशासाठी जुने कागद हवे होते. आजीने पत्र्याची पेटी उघडली. त्यात तिच्या वडिलांचा शाळेचा दाखला होता. जातीच्या रकान्यात आधी ‘महार’ लिहून, त्यावर रेघ मारून, पुढे वेगळ्या शाईत ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं. मी पप्पांना विचारलं. ते म्हणाले, “ख्रिस्तात आपण सगळे एक आहोत बाळा, ते जुनं आपल्यासाठी मेलं.” मी आजीला विचारलं. तिने कुर्ल्याच्या बाकड्यावर सगळं सांगितलं. वाड्यावर चहा वेगळ्या कपातून मिळायचा, आणि तो कप बाप्तिस्म्यानंतरही वेगळाच राहिला. पलीकडच्या, दुसऱ्या जातीच्या वस्तीतल्या ख्रिस्ती झालेल्या घरातलीही काही माणसं प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, आपल्या लोकांच्या मागे बसायची नाहीत, पुढेच बसायची. आणि तिच्या चुलत्याचं घर १९५६ नंतर बौद्ध झालं. एकाच वस्तीतली, एकाच रक्ताची दोन घरं.

त्यानंतर मी वाचायला लागले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्या माणसाला अनुसूचित जातीचा मानत नसत. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. म्हणजे आजीच्या चुलत्याच्या नातवंडांना अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, आम्हाला मिळत नाही. जातीवरून आम्हाला कुणी मारहाण केली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आमच्या उपयोगाचा नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने शिवाशीव धुऊन जाते असं कागद म्हणतो, आणि आजीने तर कप पाहिलेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आयोग नेमला, तेव्हा आजीने त्या बातमीचं कात्रण कापून पेटीत त्या दाखल्याबरोबर ठेवलं.

इथे माझं आणि पप्पांचं पहिल्यांदा फाटलं. पप्पा म्हणाले, सरकारकडे हात पसरायला आपण विश्वासात आलो नाही, आणि आपणच मंडळीत जात मोजायला लागलो तर काय उरलं? मी म्हणाले, जात मोजली जातेच आहे, फक्त आपण बोलत नाही. त्यांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला, राज्यकर्त्यांच्या अधीन राहण्याचा. मी आमोस संदेष्टा काढला, गरिबाला चपलांच्या जोडाच्या किमतीत विकणाऱ्यांवर कोपलेला. पवित्र शास्त्र त्यांनीच मला शिकवलं होतं, त्यामुळे वाद घालायला मला बाहेरून काही आणावं लागलं नाही. आठ दिवस घरात बोलणं कमी होतं. पण संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना त्या आठही दिवशी झाली, आणि पप्पांनी रोज माझं नाव घेऊन प्रार्थना केली. माझं मत बदलावं म्हणून त्यांनी एकदाही प्रार्थना केली नाही. मी कान देऊन ऐकत होते, म्हणून सांगते.

मला अजूनही वाटतं की या बाबतीत पप्पा चूक आहेत. त्यांच्या एकीच्या बोलण्यामागे भीती आहे, आणि ती मला कळते. आमच्याकडे शनिवारी प्रार्थनासभा असायची, पंधरा-वीस माणसं आणि एक गिटार. कुणीतरी सोसायटीत तक्रार केली की इथे धर्मांतर चालतं. सेक्रेटरी काका दारात आले, तेही अवघडले होते. मी संविधानाचं २५ वं कलम तोंडपाठ केलेलं होतं: सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, धर्म प्रकट करण्याचं, आचरण्याचं आणि प्रसाराचंही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असं सांगितलं, तेही मला ठाऊक होतं, आणि आम्ही कुणाचं धर्मांतर करतही नव्हतो. मी पुढे होऊन बोलणार तर पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काकांना आत बोलावलं, चहा दिला आणि गिटार बंद केली. नंतर मला म्हणाले, “कलम कोर्टात वाचायचं असतं, दारात शेजार राखायचा असतो.” मला ते पटलं नाही. पण पुढच्या महिन्यात आजी पडली, तेव्हा तिला खाली उतरवायला पहिले धावून आले ते तेच काका, हेही मी विसरू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एक सुद्धा पुरी नव्हती, ०.९६ टक्के. इतकं थोडं असलं की माणूस हक्क आणि शेजार यांतलं काय आधी धरायचं ते रोज नव्याने ठरवतो. मी मोठी झाले की दोन्ही धरायचा प्रयत्न करीन. गिटार बंद करणार नाही.

श्रद्धेचं म्हणाल तर माझी श्रद्धा या सगळ्यात गेली नाही. ती माझी झाली. त्यात मोठा वाटा पंडिता रमाबाईंचा आहे. त्यांची माहिती मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून वाचली. त्याही कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि त्या आईने रमाबाईंना शिकवलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या भगिनींनी, म्हणजे मठातल्या जोगिणींनी, त्यांना आसरा दिला होता त्यांच्याशीच त्या शिकवणुकीवरून वाद घालत होत्या. जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणाल्या, जेवण शाकाहारीच ठेवलं, क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द हवेत म्हणाल्या. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. घरी शिकलेली, विश्वासात पक्की, आणि कुणाचंही पाठ न म्हणणारी बाई आमच्या मंडळीच्या इतिहासात दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. मला हे सोळाव्या वर्षी कळलं. फार उशिरा.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. फेलोशिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ख्रिस्ती माणसाने कुणाला द्यावं’ याचे संदेश आठवडाभर फिरत होते. आजी वॉकर घेऊन केंद्रावर गेली आणि येताना जिन्यातच सांगून टाकलं कुणाला दिलं ते. मम्मी हसली आणि काही बोलली नाही. पप्पा म्हणाले, मी वेगळ्याला दिलं. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो, तो मी मागच्या महिन्यात भरला. पत्त्याचा पुरावा पप्पांनीच स्कॅन करून दिला. कुणाला मत देणार ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर तुमच्या भाचीचं. तुम्ही मामा आहात की मावशी ते लिहिलेलं नाही, पण ‘शाळेतून काढू नका’ म्हणून बहिणीशी भांडलात तर त्या घरात तुमचं जाणं कमी होईल, आणि तेच तिला सगळ्यात महागात पडेल. मला आजी नसती तर मी आजही पप्पांचंच बोलत असते, आणि आजी घरातलीच होती. बहिणीला गणित शिकवू दे, शास्त्रपाठ घेऊ दे. तुम्ही आठवड्यातला एक दिवस मागून घ्या. भाचीला लोकलने कुठेतरी न्या, ग्रंथालयाचं कार्ड तिच्या नावावर काढून द्या, मराठीत वाचायला लावा. तुमच्या घरातले जुने कागद कुणाकडे आहेत ते शोधा आणि ती तेरा-चौदा वर्षांची झाली की तिच्यासमोर ती पेटी उघडा. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बहिणीला आवडणार नसेल तरी खरं तेच सांगा, आणि मग बहिणीलाही सांगा की मी तिला असं असं सांगितलंय. आजी हे प्रत्येक वेळी करायची. घरी आली की चपला काढता काढता पप्पांना म्हणायची, आज पोरीला अमुक सांगितलं बरं का, आता तुझं काय म्हणणं आहे ते तू सांग.