एका दिवसात दात, पण हाडाचं काय?

‘एका दिवसात पक्के दात’ अशी जाहिरात पाहिली. खरंच होतं का असं? (वय ५४, सातारा)

त्याच दिवशी दात बसतो, पण तो बहुतेक वेळा तात्पुरता. तोही इम्प्लांटचा, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी जबड्यात बसवायचा, स्क्रू हाडात घट्ट बसला तरच. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी शेवटी निघेचना, हाडाने ती धरून ठेवली होती! त्यातूनच १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. तेव्हा हाडाने इम्प्लांट धरेपर्यंत खालच्या जबड्यात ३ महिने, वरच्यात ६ महिने थांबत. आता इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात ६ ते ८ आठवडे पुरतात. डॉक्टरांना सरळ विचारा: पक्का दात कधी बसवणार?

आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे. खालची कवळी जेवताना उचलली जाते. सगळे दात इम्प्लांटचे करावे लागतील? (नाशिक)

नाही. पुढच्या भागात २ इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवता येते. बसवताना ‘टक्’ असा आवाज येतो, रात्री काढून धुता येते. भाकरीचा तुकडा चावताना कवळी जिभेखाली सरकत नाही, यातच त्यांचं निम्मं दुःख सरेल. खर्चही पुष्कळ कमी. मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) आधी तपासा. ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम, बरीच वर असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर ते दंतवैद्यांना सांगाच. स्वतःहून बंद करू नका.

थ्रीडी स्कॅन हवाच का? (वय ४१, पुणे)

खालच्या दाढांसाठी मी आग्रह धरते. हाडातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ती किती खोल आहे, ते साध्या एक्स-रेत नीट कळत नाही.

मी मिश्री लावते. इम्प्लांट टिकेल का? (वय ४७, कोल्हापूर)

ताई, मिश्री सोडा, मगच पैसे घाला. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते, मग हाड झिजतं, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळतही नाही. हिरडीतून रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा. छोट्या ब्रशने रोज फटी साफ करा आणि दर ६ महिन्यांनी तपासून घ्या.