ट्रॉली नंतर, आधी सहा लाखांच्या उचलीचं बोलू

कळंब तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: ऊस वाहतुकीसाठी जुनी ट्रॉली घ्यायची आहे. कागदपत्रांसह 1 लाख 90 हजारांची घ्यावी, की बिनकागदाची 1 लाख 20 हजारांची? पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की मुकादमाला (तोडणी मजूर पुरवणाऱ्याला) 6 लाखांची उचल, म्हणजे तोडणीच्या मजुरीतून फिटायची आगाऊ रक्कम, ठरली आहे आणि त्यातले 4 लाख घरच्यांच्या दागिन्यांवर काढणार.

भाऊ, आरसी नसलेली ट्रॉली फुकट दिली तरी नको. रात्री भरल्या ट्रॉलीवर कुणी दुचाकीवाला आदळला, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई तुमच्या अंगावर येते. कागदवालीच घ्या. चेसीवरचा नंबर आरसीशी ताडून बघा, आणि हूकाजवळ ताजा रंग दिसला तर खरवडून खालचं वेल्डिंग बघा.

आता उचल. सहा कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या सहा जोड्या, कोयत्याला 1 लाख. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो, म्हणजे 12 टन. तोडणी टनाला 365 रुपये धरली तर रोजचे 4,400. शंभर दिवसांचे 4 लाख 40 हजार. मुकादमाचं कमिशन आणि मजुरांची आठवड्याची खर्ची एकमेकांत गेली असं समजू. एकही मजूर पळाला नाही, तरी 1 लाख 60 हजार अंगावर राहतात! तुम्ही हंगाम पाच महिन्यांचा धरलाय. पाऊस कमी झाला की आपल्याकडचा ऊस फेब्रुवारीतच संपतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाकी राहिली म्हणून मजुरांना अडवून ठेवायचा विचारही करू नका. 1976 च्या वेठबिगारी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि लेकराबाळांसह पालात राहणाऱ्या माणसांशी असं वागवतं तरी कसं?

चारच कोयते ठरवा, कोयत्याला आगाऊ 50 हजारांवर देऊ नका. मुकादम ऐकत नसेल तर यंदा टोळी बांधूच नका, ट्रॅक्टर हार्वेस्टरमागे (ऊस तोडणाऱ्या यंत्रामागे) नुसत्या वाहतुकीला लावा. दागिने घरातच राहू द्या.

शिवाय ट्रॅक्टरच्या कर्जासोबत गळ्यात मारलेली तुमची ती वर्षाला 60 हजारांची विमा पॉलिसी. दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी दुप्पट, म्हणजे कसेबसे साडेचार-पाच टक्के. तिच्यासाठी हप्ते भरता आणि दागिन्यांवर दहा टक्क्यांनी पैसे काढता? आधी 50 लाखांचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) घ्या, तो वर्षाला साधारण दहा-बारा हजारांत बसतो. तो हातात आला की या पॉलिसीची सरेंडर किंमत (मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम) लेखी मागवा आणि पुढचा हप्ता थांबवा.