गरोदरपणात सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आलं, बाळाला धोका आहे का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला तिसरा महिना आहे, टॉर्चच्या (बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टात सीएमव्ही या विषाणूचं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आलंय, आणि नेटवर 'हर्पिस' हा शब्द वाचल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. शिवाय या विषाणूवर संशोधन करणारे नेमकं काय करतात, हेही विचारलंय.

मी इंदूरला मायक्रोबायोलॉजीत आहे, बरीच वर्षं याच विषाणूवर काम करते. आधी वहिनींना जेवायला बसवा. आयजीजी ही जुन्या लागणीची खूण, आयजीएम ही बहुधा ताज्या लागणीची. म्हणजे या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की हा विषाणू कधीतरी, बहुधा लहानपणीच, शरीरात आला आणि गुपचूप राहून गेला. आपल्याकडे दहातल्या नऊहून जास्त बायकांचा रिपोर्ट असाच येतो. माझाही तसाच आहे. हर्पिस हे त्याच्या कुळाचं नाव. कांजिण्या, नागीण, तापानंतर ओठावर उठणारे फोड, सगळे याच कुळातले. चारित्र्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तो संशय मनात घेऊन आलेली जोडपी मी पाहिली आहेत.

आता आमचं काम. हा विषाणू आम्ही माणसाच्या पेशींवर वाढवतो. तोंडावरच्या फोडांचा हर्पिस दोन-तीन दिवसांत पेशींची वाट लावतो, पण सीएमव्ही कधीकधी तीन-तीन आठवडे ताटकळत ठेवतो. रोज सकाळी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमधून फ्लास्क काढायचा आणि माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने पसरलेल्या लांबट पेशींत एखादी फुगलेली, गोल पेशी दिसते का ते शोधायचं. रंग दिला की तिच्या मध्यभागी गडद ठिपका आणि भोवती पांढरं वलय दिसतं, अगदी घुबडाच्या डोळ्यासारखं. या फुगलेल्या पेशींवरूनच थॉमस वेलर यांनी १९६० मध्ये विषाणूला सायटोमेगॅलोव्हायरस हे नाव दिलं. आता निदान पीसीआरने, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने, काही तासांत होतं.

पण ते वेळेवर व्हायला हवं, कारण पोटातच लागण झालेल्या काही बाळांचं ऐकणं या विषाणूमुळे जातं. रामबागेतल्या एक आजी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्याच्या पाठीमागे डब्याचं स्टीलचं झाकण फरशीवर टाकलं. मी दचकले. तो हातातल्या गाडीचं चाक फिरवत राहिला. आईच्या फाइलीत टॉर्चचे दोन-दोन रिपोर्ट होते, बाळाच्या लघवीचा एकही नव्हता. "आता तपासून कळेल का हो?" आजींनी विचारलं. मला नाही म्हणावं लागलं. आता लघवीत विषाणू सापडला तरी तो पोटातूनच आला की नंतर दुधातून, लाळेतून, हे सांगता येत नाही. ती संधी जन्मानंतरच्या २१ दिवसांतच असते.

म्हणून तुम्हाला 'काहीच धोका नाही' असं मी लिहिणार नाही. जुना विषाणू गरोदरपणात जागा होऊ शकतो, किंवा त्याचाच वेगळा वाण नव्याने लागू शकतो. अशा आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात एखादं, आणि लागण झालेल्या बहुतेक बाळांना पुढे काही होत नाही. पहिल्यांदाच लागण झालेल्या आईकडून मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या बाळांपर्यंत तो पोचतो. वहिनी त्यांतल्या नाहीत.

टॉर्च पुन्हापुन्हा करू नका. घरात मोठं लेकरू असेल तर त्याचं उष्टं खाऊ नये, त्याची शी-शू काढल्यावर साबणाने हात धुवावेत. कुणी असायक्लोव्हिरच्या (ओठावरच्या हर्पिसवर देतात त्या) गोळ्या सुचवल्या तर आपल्या मनाने सुरू करू नका. ते औषध चालू करायला विषाणूचं जे एन्झाइम लागतं ते सीएमव्हीकडे नसतं, त्यामुळे त्याच्यावर ते फारसं चालत नाही.

बाळ झाल्यावर घरी जाण्यापूर्वी कानाची चाचणी करून घ्या. कागदावर 'रेफर' (म्हणजे कान आणखी तपासायला हवेत) असं आलं, किंवा वजन, डोकं फार लहान वाटलं, कावीळ लांबली, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना सांगून लघवीचं सीएमव्ही पीसीआर करा. लागण निघाली आणि लक्षणं असली तर व्हालगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने देतात. त्याने ऐकू येणं टिकायला मदत होते, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं. आणि लागण झालेल्या बाळाची पहिली चाचणी चांगली आली तरी कान पुढची काही वर्षं तपासत राहायचे, कारण या विषाणूमुळे ऐकणं नंतरही हळूहळू कमी होऊ शकतं.