कोलटकर आवडतात ना? मग आधी गाथा उघड

कवी अरुण कोलटकर आपल्या कोल्हापूरचे, म्हणून लगेच त्यांच्यासारखं लिहायला बसू नकोस. त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. एकेक शब्द किती निरखला असेल बघ! तूही तिथूनच सुरुवात कर. करवीर नगर वाचन मंदिरातून गाथा आण आणि मोठ्यानं म्हण. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया.’ अक्षरं मोज: ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, आणि चौथा आखूड पडतो तिथं ओळ पक्की बसते. कवी बा. सी. मर्ढेकरांनी अभंगाचाच घाट घेऊन यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट मांडली. ‘तुका म्हणे’ तेवढं उसनं घेऊ नकोस, ते मला अजिबात पटत नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं बोलणं या मापात बसवून बघ आणि पुढच्या बैठकीला घेऊन ये.