फ्रान्समधल्या एखाद्या लहानशा, पर्यटक फिरकत नाहीत अशा खेड्याचा भूगोल आणि इतिहास सांगाल का?

मी उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात राहतो, तेव्हा तिथून पंचवीसेक किलोमीटरवरच्या नव्ह-शापेलबद्दल सांगतो. ला बासे स्टेशनपर्यंत लोकलमध्ये सायकल टाकायची आणि पुढे पाच-सहा किलोमीटर रमतगमत जायचं. नावाचा अर्थ ‘नवं चॅपेल’. त्यातलं ‘नव्ह’ म्हणजे चक्क आपलं ‘नवं’, दोन्ही शब्दांचं मूळ एकच.

भूगोल म्हणाल तर चिखल. लीस नदीच्या खोऱ्यातला हा ताटासारखा सपाट पट्टा, त्यात चिकणमाती. पाण्याचा निचरा होत नाही म्हणून शेताच्या कडेकडेने चर काढलेले असतात. हिवाळ्यात दोन-तीन फूट खणलं की पाणी लागलंच. पिकं बटाटा, बीट, गहू, मका. पूर्वेला दोन-तीन किलोमीटरवर ओबेरचा उंचवटा आहे. उंची वीस मीटरही भरणार नाही, सह्याद्री बघितलेला माणूस त्याला टेकाडसुद्धा म्हणायचा नाही. सायकलचा एक गिअर बदलावा लागतो, तेवढाच काय तो चढ. पण वर जाऊन मागे वळलात की अख्खं मैदान नजरेच्या टप्प्यात येतं.

गावाचा इतिहास चिखल आणि उंचवटा या दोनच गोष्टींनी घडवला. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या ऑक्टोबरात, जर्मनांनी गाव घेतलं, उंचवटाही त्यांच्याकडेच. खाली इंग्रजांच्या बाजूला खंदक खणावा तर त्यात पाणी, म्हणून जमिनीवरच मातीच्या पोत्यांच्या भिंती रचून सैनिक त्यांच्या आड बसत. त्यांत आपले लोकही होते. २८ ऑक्टोबरला गाव परत घ्यायला जे पाठवले, त्यांत ४७ वी शीख पलटण होती आणि खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या दोन कंपन्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा माणूस. त्यांना पायदळासारखं पुढे ढकललं. घराघरांतून लढत ते गावात शिरले, पण मदत आली नाही आणि मागे फिरावं लागलं. अधिकारी बहुतेक सगळे मेले किंवा जखमी झाले. पुण्यात इतकी वर्षं काढली, खडकीवरून रोज जा-ये केली, पण हे मला इथे आल्यावर कळलं.

मोठी लढाई १० ते १३ मार्च १९१५ ची. सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, पस्तीस मिनिटं चालल्या आणि काही तासांत गाव हातात आलं. मग घोडं अडलं. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, पुढचा हुकूम यायला तासन् तास लागले, तेवढ्यात जर्मनांनी कुमक आणली. उंचवटा मिळाला नाहीच. इंग्रजांच्या बाजूचे अकरा हजारांवर मेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांत चार हजारांवर हिंदी सैनिक. गढवाल रायफल्सचे गबर सिंग नेगी पहिल्याच दिवशी गेले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आजचं गाव विटांचं आणि युद्धानंतर उभं राहिलेलं, कारण जुनं काही शिल्लकच नव्हतं. रस्त्याकडेचा एक ख्रिस्ताचा पुतळा तेवढा तगला, पाय आणि एक हात गमावून. १९१७-१८ मध्ये हा भाग पोर्तुगीज फौजेकडे होता. त्यांनी त्या पुतळ्यावर जीव लावला आणि १९५८ मध्ये तो पोर्तुगालला नेला.

ला बासेच्या रस्त्यावरच्या चौकात हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ मध्ये उभारलेलं. गोल आवार, नक्षीदार दगडी जाळी, वर कमळ असलेला स्तंभ, दोन्ही बाजूंना वाघ. ज्यांची कबरही नाही अशा ४,७०० हून अधिक सैनिकांची नावं भिंतीवर कोरली आहेत. मी गेलो तेव्हा आत दुसरं कोणी नव्हतं. सॅपर्सच्या नावांवरून बोट फिरवत अर्धा तास गेला.

जाणार असाल तर वसंतात जा, वाऱ्याची तयारी ठेवून. शेतांत नांगरताना अजून गंजके तोफगोळे निघतात आणि शेतकरी ते बांधावर ठेवून देतात, सरकारी पथक येऊन नेईपर्यंत. दिसलाच एखादा तर लांबूनच बघा, हात लावू नका.